आधी कुणीतरी चुकायला लागतं

मला हसवणं सोपं नाही. माझा नवरा कशालाही हसतो. टीव्हीवरच्या जाहिरातीला हसतो, लिफ्टमध्ये कुणी मोठ्याने शिंकलं तरी हसतो. मी मात्र विनोदाचं आधी ओळखपत्र तपासते आणि मगच त्याला आत सोडते, अशी त्याची तक्रार आहे. त्यामुळे टोकियोत येऊन मी एका विनोदी जोडीतली अर्धी जागा भरून काढली, आणि तीही पडद्यामागून, हे आमच्या पुण्याच्या घरी अजून कुणाला खरं वाटत नाही.

आम्ही टोकियोच्या कोतो भागात राहतो. नवरा सकाळी कोंबलेल्या ट्रेनने ऑफिसला जातो, मुलगी सायकलवरून शाळेत जाते आणि मी घरून थोडं भाषांतराचं काम बघते. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारं जोडपं राहायचं. बाई पंचाहत्तरीच्या पुढची, शिडशिडीत, पाठ पट्टीसारखी ताठ. नवरा गोल, टकला, सदा प्रसन्न. लिफ्टमध्ये भेटले की तो हमखास चुकीच्या मजल्याचं बटण दाबायचा आणि ती त्याच्या हातावर फाडकन चापट मारायची. मला वाईट वाटायचं. म्हाताऱ्याला विसरायला होतंय आणि ही बया त्याला मारतेय, असं मी घरी येऊन सांगायचे. तो ते मुद्दाम करत होता, माझ्यासारखं गिऱ्हाईक लिफ्टमध्ये आलं की त्यांचा प्रयोग सुरू व्हायचा, हे मला फार नंतर कळलं. तोवर तो गेला होता. एका हिवाळ्यात त्याला ताप आला आणि आठवड्याभरात संपलं सगळं.

पुढे कितीतरी दिवस त्या फ्लॅटमधून आवाज म्हणून आला नाही. आमच्या मधली भिंत अशी आहे की पलीकडे कुणी चहात साखर ढवळली तरी इकडे कळावं. पण काही नाही.

वसंतात एकदा संध्याकाळी बेल वाजली. इथे वस्तीच्या सूचनांची एक फाईल घरोघर फिरते. आपण वाचायची, शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. ती घेऊन शेजारीण आली होती. मी कणीक मळत होते. दोन्ही हात मनगटापर्यंत बरबटलेले. अशा वेळी आपण काय करतो? आतूनच ओरडतो, "आले, आले!" आपण कुठेही आलेलो नसतो. पण तेवढ्याने दारातल्या माणसाचं समाधान होतं आणि आपल्याला हात धुवायला वेळ मिळतो. तर मी ते जपानीत ओरडले. "किमाश्ता, किमाश्ता!"

आता किमाश्ता म्हणजे आले, हे बरोबर. व्याकरणाची परीक्षा दिलेय मी, पासही झालेय. पण जपानी माणूस अशा वेळी आले म्हणत नाही, तो म्हणतो 'आत्ता जातो'. आणि आले म्हटलं, तर त्याच्या लेखी समोर कुणीतरी येऊन उभं असायला हवं.

मी हात धुतले, ओढणी शोधली, दार उघडलं. बाई फाईल छातीशी धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. मग कॉरिडॉरच्या डाव्या टोकाकडे, मग उजव्या टोकाकडे.

"कोण आलं?" तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

"मग मघाशी कोण आलं होतं?"

चेहऱ्यावर रेषा हलली नाही. फाईल माझ्या हातात दिली, कंबरेत वाकली आणि निघून गेली. मी दार लावलं. आणि मग भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. आधी खुसखुस, मग खो-खो, मग खोकला, मग पुन्हा खो-खो. मला इतका राग आला म्हणून सांगू! दोन वर्षं घासून शिकलेल्या माझ्या जपानीला ही बाई भिंतीआड हसतेय. त्यात मुलीने भर घातली. सगळं ऐकून ती "मम्मा, हाझुकाशी" म्हणाली, म्हणजे आईची तिला लाज वाटत होती, आणि दप्तर घेऊन आत गेली.

फाईल पुढच्या घरी द्यायची ती नेमकी दुसऱ्या बाजूला, पण बाई आपली छत्री आमच्या दाराशी विसरली होती. दुसऱ्या दिवशी मी ती द्यायला गेले. दारातच दोन शब्द बोलले, ताठ्यात, आणि निघताना सवयीने 'येते' म्हणाले. जपानीत. किमास. निघताना 'जाते' म्हणणं आपल्या जिभेला जमतच नाही, आजीने पाठीत धपाटे घालून ती सवय मोडलेली असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती लिफ्टपाशी भेटली. "काल मी दार उघडं ठेवून बसले होते," ती म्हणाली. "चहा दोनदा गरम केला. तुम्ही येते म्हणालात."

"मी जात होते."

"म्हणजे तुम्ही येता तेव्हा येत नाही, आणि जाता तेव्हा येता?"

आणि मी हसले. माझं मलाच कळायच्या आत. तीही हसली, आणि तोंडावर हात धरायचं विसरली, जे त्या वयाची जपानी बाई सहसा विसरत नाही. मग मी तो तिसऱ्यांदा गरम केलेला चहा प्यायला गेलेच.

त्या चहाला मला कळलं की शेजारी राहत होती ती मुलखाची वेगळी माणसं. सुमिदा नदीच्या पलीकडे जुन्या वस्तीत योसे नावाची थिएटरं आहेत. एकदा तिकीट काढलं की दुपारपासून संध्याकाळपर्यंत बसा. एकामागून एक कलावंत येतात. बसून गोष्ट सांगणारे, भोवरा तलवारीच्या धारेवरून चालवणारे, प्रेक्षकाने मागितलेलं चित्र कात्रीने कागदातून कापून देणारे. आणि मधूनमधून जोडीने उभं राहून भांडणारे. ही दोघं तशी भांडायची, लग्न झाल्यापासून. आपल्या तमाशातल्या बतावणीची ही लांबची बहीण म्हणायला हरकत नाही. या भांडणात दोन कामं असतात. एक जण वेड्यासारखं काहीतरी बोलतो, त्याला म्हणतात बोके. मी मनातल्या मनात आमच्या वाड्यातले बोके आठवून घेतले, तेवढं कळण्यासारखं होतं. दुसरा त्याला तिथल्या तिथे हाणून पाडतो, तो त्सुक्कोमी. नवरा बोके, बायको त्सुक्कोमी. मला तो दुसरा शब्द फार आवडला. आमच्या पुण्यातल्या गल्लीतले सगळे दुकानदार त्सुक्कोमीच होते, फक्त कुणी तिकीट लावलं नव्हतं.

तिच्याकडे जुन्या गोष्टींचा नुसता खजिना. सगळ्यात लाडक्या गोष्टी सासऱ्याच्या. तो जुन्या रेव्ह्यूच्या, म्हणजे नाचगाण्यांच्या खेळांच्या, काळातला नट. त्या काळी थिएटरात नाचणाऱ्या मुलींचे ताफे असायचे. एक नाच संपून दुसरा सुरू व्हायचा तोवर मुलींना कपडे बदलायला वेळ हवा. म्हणून पडद्यापुढे दोन-तीन माणसं सोडायची आणि सांगायचं, मुली तयार होईपर्यंत लोकांना उठू देऊ नका. त्या तेवढ्या वेळेत ही माणसं छोटंसं प्रहसन करायची. सासरा दारू प्यायलेला पोलीस करायचा. तो असा काही पडायचा की एकदा प्रेक्षकांतला डॉक्टर धावत स्टेजवर आला. सासऱ्याने डॉक्टरलाच पत्ता विचारला, डॉक्टरने गोंधळून सांगितला, आणि लोकांना वाटलं तोही नटच. दुसऱ्या दिवसापासून स्किटमध्ये डॉक्टर आला. पुढे पुढे लोक नाच संपायची वाट बघायला लागले. मुली चिडल्या. "कपडे बदलायला आता अर्धा तास लागला तरी चालेल म्हणायचे मॅनेजर," असं सांगताना बाईचे डोळे नुसते चमकत होते. त्या माणसांना कुणी कलावंत म्हणत नव्हतं, ती फक्त मधली जागा भरत होती. मी हे ऐकताना बशीतला केक खायचं विसरले.

पण उठताना मी सहज विचारलं, "आता तुम्ही काय करता?" आणि तिचा चेहरा विझला.

थिएटरच्या दारावर त्या दिवशीच्या कलावंतांच्या नावांच्या लाकडी पाट्या लागतात. त्यांची जोडीची पाटी होती. नवरा गेल्यावर थिएटरच्या माणसाने फार अदबीने तिला सांगितलं होतं, सेन्सेई (इथे बुजुर्गांना आदराने असंच म्हणतात), एकट्या त्सुक्कोमीचा कार्यक्रम होत नाही. तरी ऑगस्टच्या मधल्या दहा दिवसांत रोज दुपारची एक वेळ तुमच्यासाठी ठेवतो, तुमच्या इतक्या वर्षांसाठी. जमलं तर पाटी राहील. नाही जमलं तर मग काढून घरी पाठवू, देवघरात ठेवा. तिने प्रयत्न केले होते. आरशासमोर उभी राहिली होती. एक वाक्य सुचेना.

"मला एकटीला काहीच बोलता येत नाही," ती म्हणाली. "आधी कुणीतरी चुकायला लागतं. मग मला सुचतं. तो जन्मभर माझ्यासाठी चुकला." मग म्हणाली, "स्टेज सुटलं तर घरात मी कोण म्हणून उठू सकाळी, सांग ना."

तुम्हीची मी तू केव्हा झाले ते माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते एवढंच, की तिला स्टेजसाठी माझं किमाश्ता हवं होतं.

मी आधी साफ नाही म्हटलं. माझ्या चुकीवर शे-दोनशे अनोळखी जपानी लोकांनी हसायचं? घरी येऊन नवऱ्याला तावातावाने सांगितलं. तो म्हणाला, "हसतायत तर हसू दे की! ऑफिसात माझ्या चुकांवर कुणी हसतसुद्धा नाही, मीटिंग लावतात." तो असा मधूनच शहाण्यासारखं बोलतो. मी शेजारी गेले आणि हो म्हणून आले. माझा व्हिसा नवऱ्याच्या मागून आलेला, असल्या कामाचे पैसे घेता येत नाहीत, तेव्हा सगळं शेजारधर्म म्हणून, हेही सांगून टाकलं. आणि मी स्टेजवर येणार नाही. "येऊच नकोस," ती म्हणाली. "तू न येण्यातच तर सगळं आहे."

तिने लिहिलेलं स्किट साधं होतं. ऑगस्टमध्ये इथे ओबोन असतो, आपल्या पितृपक्षासारखा. पितर घरी येतात. त्यांनी लवकर यावं म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात. तिच्या नवऱ्याचा हा पहिला ओबोन. ती काकडीचा घोडा हातात घेऊन माइकपुढे उभी राहणार आणि त्याला हाक मारणार, "आन्ता!" याचं मराठी 'अहो'च, फक्त त्यात थोडं 'मेल्या' मिसळलेलं. आणि आतून परक्या उच्चारातला बाईचा आवाज येणार, "किमाश्ता, किमाश्ता!" येणार कुणीच नाही.

आम्ही तालीम सुरू केली आणि मला कळलं की एक शब्द म्हणणं किती कठीण असतं. मी अभिनय करायला लागले होते. "हे नाटक नकोय मला," ती ओरडायची. "तू आलीस असं तुला खरंच वाटत होतं त्या दिवशी! तसं म्हण." जमेना. शेवटी तिने विचारलं, "त्या दिवशी तू काय करत होतीस?" आणि मला सरळ स्वयंपाकघरात पिटाळलं. मी कणीक मळायला घेतली, ती बाहेरून ओरडली, आणि माझ्या तोंडून आपोआप अचूक सुटलं. तेव्हापासून ठरलं. थिएटरला जाताना माझ्या पिशवीत परात आणि पीठ. पडद्यामागे, भोवरेवाल्याच्या पेटीशेजारी, मी फतकल मारून कणीक मळत बसायचे. भोवरेवाले आजोबा पहिल्या दिवशी लांबून बघत होते, दुसऱ्या दिवशी त्यांनी बसायला उशी आणून दिली. त्या आठवड्यात आमच्या घरच्या पोळ्या फार मऊ झाल्या, इतकी ती कणीक मुरलेली असायची.

पहिल्या दुपारी पडदा सरकला. तिच्या एकटीच्या पावलांचा आवाज ऐकला. टाळ्या पडल्या, पण दबकत. सगळ्यांना माहीत होतं की दुसरा नाही. तिने घोडा दाखवला. हाक मारली.

"किमाश्ता, किमाश्ता!" मी पिठातून ओरडले.

मग तिचा आवाज, कोरडा, ठसक्यात. "आवाज का बदलला? आणि हे उच्चार कुठले? तिकडे कुणाच्या शेजारी जागा मिळालीय तुम्हाला?"

आणि हसू आलं. मी आजवर हसू समोरून ऐकलं होतं, पडद्यामागून कधीच नाही. आधी एका कोपऱ्यातून आलं, मग जमिनीतून माझ्या परातीपर्यंत पोचलं. लोक माझ्या उच्चारांना हसत होते आणि मला जराही राग येत नव्हता. उलट मी दुसऱ्या हाकेला आणखी लांबून आल्यासारखी ओरडले. तिसऱ्या हाकेनंतर ती म्हणाली, "तिघं तिघं आलात आणि दारात एकही नाही," आणि काकडीच्या घोड्याचं डोकं कडकन चावून खाल्लं. तो शेवट. ती आत आली तेव्हा तिच्या हनुवटीवर काकडीची बी होती. मी पिठाच्या हातांनीच तिला मिठी मारली. तिच्या काळ्या किमोनोवर माझे दोन पंजे उमटले आणि ती मला मनसोक्त ओरडली.

तसे चार-पाच दिवस गेले. हसू रोज येत होतं. पण अट घालणारा तो थिएटरचा माणूस रोज विंगेत हाताची घडी घालून उभा राहायचा आणि पाटीचं नावही काढायचा नाही. बाई म्हणाली, त्याला भीती वाटतेय की हा प्रकार तुझ्यावर उभा आहे. तू उद्या भारतात गेलीस तर? मी म्हटलं, मी कुठे जात नाही. पण नवऱ्याच्या कंपनीत त्याला दूर सेंदाई शहरात बदलीवर पाठवायची चर्चा सुरू होती, आणि हे तिलाही भिंतीतून ऐकू गेलेलं असणार.

सहाव्या दिवशी माझी ट्रेन दोन स्टेशनांच्या मधे थांबली. सिग्नलची तपासणी म्हणे. कंडक्टर दर थोड्या वेळाने इतक्या कळवळून माफी मागत होता की त्याच्यावर ओरडताही येईना. बाईचा फोन थिएटरात बंद असतो. मी परात पोटाशी धरून उभी, घामाने निथळत. तिची वेळ झाली असेल, ती निघाली असेल, आता माइकपाशी पोचली असेल. मला स्वतःला चापट मारावीशी वाटत होती. इतकी वर्षं स्टेजवर काढलेल्या बाईची पाटी आज माझ्यामुळे उतरणार.

स्टेशनवरून धावत सुटले. मागच्या दाराने आत शिरले तेव्हा तिची दुसरी हाक चालू होती.

"आन्ता!"

उत्तर नाही. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. पहिल्या हाकेलाही असंच झालं असणार. मी विंगेत पोचले. थिएटरचा माणूस पांढराफटक पडून माझ्याकडे बघत होता आणि हाताने खुणावत होता, म्हण, म्हण. दिव्यांच्या झोतात ती दिसली. एवढीशी. हातात काकडी. शेजारची जागा रिकामी, आणि ती रिकामी आहे हे आज पहिल्यांदा सगळ्यांना दिसत होतं. तिने तिसरी हाक मारली. या वेळी त्या हाकेत मेल्या नव्हतं. नुसतंच अहो होतं.

मी श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि विंगेकडे न बघता तिने पाठीमागे हात नेला आणि तळवा माझ्या दिशेने उभा धरला. थांब.

ती त्या रिकाम्या जागेकडे वळली. मग म्हणाली,

"जन्मभर आलो-आलो म्हणून मला ताटकळत ठेवलंत. आज पहिल्यांदा खरं बोललात."

मग जे हसू फुटलं, तसं मी त्या पाच दिवसांत एकदाही ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. थिएटरच्या माणसाची हाताची घडी सुटली होती, त्याने तोंडावर रुमाल दाबला होता. पाटीचा प्रश्न तिथेच मिटला. मीही हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. माझा एकमेव संवाद माझ्या तोंडातच राहिला होता आणि त्याची कुणालाच गरज पडली नव्हती. मला फार आनंद झाला. थोडं दुखलंसुद्धा, खोटं कशाला सांगू.

तिने काकडी खाल्ली, कंबरेत वाकली आणि टाळ्या सुरू असतानाच आत आली. मी हात जोडले, ट्रेन, सिग्नल, माफ करा, सेन्सेई, असं काहीबाही बोलत सुटले. ती माझ्यासमोर थांबली. घामेजल्या चेहऱ्याकडे, कोरड्या परातीकडे पाहिलं. माझ्या गालावर हलकी चापट मारली आणि म्हणाली, "उद्याही उशिराच ये."